घर पाहावे तपासून

(गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला बोलायला उभे केले आहे, पण मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या वर्क्स शाखेत लागलो, आज सीनियर सेक्शन इंजिनीयर आहे. जुनी मंडळी आम्हाला अजून आय.ओ.डब्ल्यू. म्हणतात. आमचे काम काय, तर क्वार्टरची छपरे, गटारे, प्लॅटफॉर्मच्या शेड आणि पाण्याच्या टाक्या. डिग्रीवाले साहेब नकाशे काढतात आणि आम्ही डिप्लोमावाले गळती शोधतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 'साहेब, छत टपकतंय' हे वाक्य मी जितके ऐकतो तितके घरी माझे नावही ऐकत नाही. तेव्हा मला जे येते त्यावरच बोलतो. पहिले घर विकत घेताना ते तपासून कसे घ्यावे, हा आजचा विषय.

आपल्याकडे म्हण आहे, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून.' ही म्हण घर बांधणाऱ्यांच्या काळातली आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात घरे बांधली, तेव्हा पाया डोळ्यांदेखत खणला जाई आणि चुना दारात मळला जाई. गवंडी नावानिशी ओळखीचा असे, आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याला ओट्यावर बसवून विचारता येई. आज आपण घर बांधत नाही, तयार घर घेतो. पाया मातीखाली गेलेला, लोखंड काँक्रीटमध्ये गेलेले, वायर भिंतीत आणि पाइप फरशीखाली गेलेला असतो. वर ताजा रंग असतो. म्हणून माझ्यासारख्याने ती म्हण थोडी बदलून घेतली आहे: घर पाहावे तपासून.

बांधणारा वेगळा, तपासणारा वेगळा

रेल्वेतली एक गोष्ट बाहेरच्या लोकांना फारशी ठाऊक नसते. नवी लाइन आम्ही टाकतो, पूल आम्ही बांधतो, मोजमापे आम्हीच घेतो. पण 'आता यावरून प्रवासी गाडी सोडा' असे आम्ही स्वतः ठरवू शकत नाही. त्याआधी रेल्वे संरक्षा आयुक्त, म्हणजे कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी, येऊन तपासणी करतात. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात तशी तरतूद आहे. गंमत अशी की हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. ही तपासणी यंत्रणा १९४१ साली रेल्वे बोर्डापासून वेगळी काढण्यात आली आणि आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ज्याने बांधले त्यानेच 'ठीक आहे' म्हणायचे नाही, एवढाच त्यामागचा विचार.

तपासणी तिथेच संपतही नाही. कीमन रोज आपल्या हद्दीतला रूळ चालून बघतो. पुलांची पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते. शंभर वर्षांपूर्वीच्या पुलालाही आम्ही दर वर्षी नव्याने बघतो. आणि हेच आम्ही रेल्वेवाले स्वतःचे घर घ्यायला निघालो की पंधरा मिनिटांत स्वयंपाकघर, बाल्कनी आणि गाडी लावायची जागा बघून इसार देऊन येतो. इथल्या भाषेत सांगायचे तर बयाना टाकून येतो.

आपल्या बाजूने कोण बघतो?

तुम्ही म्हणाल, 'एवढे लोक तर बघतात!' खरे आहे. पण कोण कोणासाठी बघतो, ते जरा मोजू या.

विकणारा घर दाखवतो, तो विकण्यासाठी. दलाल दाखवतो, पण त्याला टक्केवारी मिळते ती घर विकले गेल्यावर, तुम्ही ते नाकारल्यावर नाही. बँकेचा माणूस येतो, फोटो काढतो, मोजमाप घेतो. कर्ज मंजूर झाले की आपण निश्चिंत होतो आणि म्हणतो, 'बँकेने पास केले.' पण बँकेला दोनच गोष्टी हव्या असतात: कागद स्वच्छ आहेत का, आणि हप्ते थकले तर हे घर विकून तिचे पैसे निघतील का. तुमच्या न्हाणीघराचे पाणी खालच्या खोलीत झिरपते का, हा बँकेचा प्रश्न नाही. वास्तुशास्त्र जाणणाऱ्यांना आपण दोनदा घेऊन जातो, दिशा बघून घेतो. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर बघावे. पण ईशान्य दिशा बघायला माणूस नेला, तर छताचा उतार बघायलाही एक माणूस न्यावा, एवढेच माझे म्हणणे.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडचा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मालमत्तेतला महत्त्वाचा दोष सांगितला पाहिजे. पण कोणता दोष? जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही जो त्याला सापडला नसता तो. याचा सरळ अर्थ असा की जो दोष साधारण काळजीने सापडला असता, तो तुम्ही बघितला नाही तर नंतर 'मला सांगितले नाही' ही तक्रार दुबळी पडते. भिंतीवरची ओल, फुगलेले प्लास्टर, उलट्या उताराची गच्ची हे सगळे डोळ्यांनी दिसणारे आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिकडे घर घेताना 'इन्स्पेक्शन' हा शब्द हटकून येतो. तिथल्या घर तपासनिसांची संघटना १९७६ साली स्थापन झाली. घराच्या करारात बहुधा अट असते की तपासणीत मोठा दोष निघाला तर घेणारा मागे फिरू शकेल. १९८५ साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गळक्या छताच्या एका खटल्यात असा निकाल दिला की विकणाऱ्याने माहीत असलेला आणि सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष लपवणे चालणार नाही. आपल्याकडे हा तपासणीचा धंदा मोठ्या शहरांत अलीकडे सुरू झाला आहे, पण रिवाज अजून पडलेला नाही. रिवाज नाही म्हणून गरज नाही, असे मात्र नव्हे.

एका सहकाऱ्याचे घर

आमच्या खात्यातील एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. निवृत्तीला सात-आठ महिने उरले होते. सारा जन्म क्वार्टरमध्ये गेला. निवृत्तीनंतर क्वार्टर चार महिने नेहमीच्या भाड्यावर आणि पुढे चार महिने दुप्पट भाड्यावर ठेवता येते. त्यानंतर सोडावेच लागते. मुलीचे लग्न व्हायचे होते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एवढीच पुंजी, दुसरी कमाई नाही. शहराच्या कडेला एका छोट्या बांधकाम व्यावसायिकाने चार डुप्लेक्स घरे बांधली होती. त्यातले एक पसंत पडले. दोन दिवसांत बयाना द्यायचा होता, कारण 'दुसरी पार्टी तयार आहे' असा निरोप आला होता. दुसरी पार्टी नेहमीच तयार असते!

ते म्हणाले, 'तू एकदा नजर टाक.' रविवारी सकाळी आम्ही तिघे गेलो. ते, वहिनी आणि मी. मी बरोबर बॅटरी, ओळंबा, गवंड्याची पाण्याची नळी, टेप आणि एक लहान हातोडी घेतली. घर दिसायला झकास होते. वहिनींनी देवघराची जागाही ठरवून टाकली होती.

मी आधी घराभोवती फिरलो. मागच्या बाजूला जोत्याला लागूनच माती होती, जोत्याभोवती फरशीची पट्टी केलेली नव्हती. छपराचे पाणी पाइपातून थेट भिंतीच्या बुडाशी पडत होते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये माती काळी होती आणि सुकून भेगाळली होती. आत आलो. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून पायरी-पायरीने वर जाणारी एक भेग होती. ती नुकतीच लांबी भरून रंगवली होती, पण तिरपा उजेड टाकल्यावर दिसली. त्या खोलीचे दार खाली घासत होते. पाण्याची नळी लावून बघितले, तर फरशी मागच्या कोपऱ्याकडे उतरलेली होती. उतार न्हाणीघराकडे असता तर समजलो असतो. हा भिंतीकडे होता.

वहिनींनी विचारले, 'भाऊजी, घर पडेल का हो?' मी म्हटले, 'पडणार नाही. पण हा कोपरा पाण्याबरोबर हलतो आहे, आणि ही भेग तुम्ही दर वर्षी भराल.' दादा गप्प झाले. त्यांना घर हवे होते, आणि मलाही त्यांचा हिरमोड करायचा नव्हता. पण पुंजी एकदाच खर्च होणार होती.

आम्ही विकणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारल्या. पाया किती खोल आणि कशावर ठेवला आहे? बांधकामाचा नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळेल का? मागचे पाणी वळवून जोत्याभोवती पट्टी करून द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आले नाही. तिसऱ्याला 'ते तुम्ही राहायला आल्यावर करून घ्या' असे उत्तर आले. त्यांनी ते घर सोडले. पुढे पाच महिन्यांनी, थोडे लांब, थोडे लहान, दुसरे घर घेतले. तिथेही न्हाणीघराची ओल निघाली, पण ती मालकाने कबूल केली आणि किमतीतून दुरुस्तीची रक्कम वजा करून दिली. निवृत्तीनंतर ते क्वार्टर सोडून तिकडेच गेले. तपासणी म्हणजे घर मोडीत काढणे नव्हे, हे यातून ध्यानात यावे. दोष प्रत्येक घरात असतात. तो दोष विकत घेण्याआधी कळावा, एवढाच उद्देश.

पायाखालची माती

आता काय बघायचे ते क्रमाने सांगतो. सुरुवात मातीपासून.

छत्तीसगडचा शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे खडीमिश्रित तांबडी, मुरमाड जमीन. घरासाठी ती चांगली. कन्हार म्हणजे आपली काळी रेगूर, विदर्भातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. कन्हार पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात भेगांत हात जाईल इतकी आकसते. तिच्यावर उथळ पायाचे हलके घर ठेवले की ते दर वर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे बसते, पण सगळीकडे सारखे नाही. त्यामुळेच खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, आणि काही दारे पावसाळ्यात अडकतात, उन्हाळ्यात आपोआप मोकळी होतात.

यावर उपाय आहेत. पाया काळ्या मातीच्या खाली, कडक मुरमावर किंवा चुनखडीच्या खडकावर न्यावा. रायपूरच्या पोटात चुनखडी आहे, त्यामुळे काही ठिकाणी तो खडक लवकर लागतो. काळी माती खोलवर असेल तर बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब घालतात, त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे ही पद्धत रूढ केली. तेव्हा काळ्या मातीवरचे घर नाकारायचे नाही, पाया कुठवर गेला आहे ते विचारायचे.

दुसरे, ही तलावांची नगरी आहे, आणि सगळे तलाव आज तलाव राहिलेले नाहीत. रजबंधा मैदानाचे नावच सांगते की तिथे तलाव होता. भराव टाकलेल्या जागेवर घर असेल तर ते बसण्याची शक्यता जास्त. ही माहिती दलाल देणार नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर किंवा पन्नास वर्षे तिथेच राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे ती मिळेल. 'काका, पावसाळ्यात इथे पाणी कुठपर्यंत येते?' एवढा एक प्रश्न विचारा.

भेगा

भेग दिसली की घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा दिसतात, त्या बहुतेक क्युरिंगच्या वेळी पाणी कमी मारल्याच्या. त्या रंगाखाली जातात. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे उभी सरळ भेग असेल, तर जोडावर जाळी न लावल्याची खूण. स्लॅबच्या खालून भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग वरच्या मजल्यावर बरीच आढळते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात स्लॅब तापून सरकतो, म्हणून ती पडते. यात धोका कमी, पण पाणी शिरते.

खरी काळजी तीन भेगांची. एक, पायरीसारखी तिरपी जाणारी. दोन, खांबात किंवा बीममध्ये लांबीच्या दिशेने गेलेली आणि आजूबाजूला तांबूस डाग असलेली. आत सळईला गंज चढला की तिचा आकार वाढतो आणि ती वरचे काँक्रीट फोडते. तीन, जी वाढते आहे ती. आपल्या आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या मानकात सर्वसाधारण स्थितीत ०.३ मि.मी. पर्यंतच्या भेगेची मर्यादा दिली आहे. पण आकड्यापेक्षा वाढ महत्त्वाची. जुन्या दगडी पुलांवर आम्ही भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवतो आणि तारीख लिहितो. काच तडकली, तर भेग जिवंत आहे. घर घेण्याची घाई नसेल तर ही युक्ती घरातही चालते.

लहान हातोडीने खांब आणि छताचे प्लास्टर ठिकठिकाणी हलके वाजवावे. टणटणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आत पोकळी. शंका आली तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी करता येते, मशीन असलेल्या प्रयोगशाळा ती करतात. पण रिबाउंड हॅमर वरच्या थराची ताकद सांगतो आणि त्यात सुमारे २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. त्यामुळे एका आकड्यावर निर्णय घेऊ नये.

पाणी आणि वीज

माझ्या अनुभवात घराला भूकंपापेक्षा पाण्याने जास्त त्रास होतो. गच्चीवर जा, बादलीभर पाणी ओता आणि बघा कुठे जाते. कोपऱ्यात पांढरी-हिरवी वर्तुळे दिसली तर तिथे पाणी साचते. मालक तयार असेल तर गच्चीचे तोंड बुजवून दोन इंच पाणी २४ तास उभे करावे आणि खालचे छत बघावे. न्हाणीघराच्या दुसऱ्या बाजूची भिंत हाताने चाचपा, रंगाचे पोपडे आणि मिठासारखी पांढरी बुकटी हे ओलीचे पुरावे आहेत. एकाच भिंतीला नवा रंग असेल, तर त्याच भिंतीजवळ जास्त वेळ थांबा.

बोअरवेलचे पाणी तपासून घ्या. चुनखडीमुळे इथे पाणी जड लागते. आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मि.ग्रॅ. पर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. उन्हाळ्यात बोअर आटते का, हेही शेजाऱ्याला विचारा.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी: अर्थिंगचा खड्डा प्रत्यक्ष दाखवा म्हणावे, मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आहे का बघावे, आणि त्याचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो का तपासावे. घरात नातवंडे येणार असतील तर हे छोटे बटण फार मोलाचे आहे.

कागद हातात घेऊन घर मोजा

कागदांची तपासणी वकील करतो, पण कागद आणि घर एकमेकांशी जुळतात का, हे इंजिनीयरच बघू शकतो. खसरा, बी-१, डायव्हर्शन, नगर तथा ग्राम निवेशची ले-आउट मंजुरी आणि नगर निगमची बांधकाम परवानगी यांच्या प्रती घ्या. मग मंजूर नकाशा हातात धरून खोली-खोली मोजा. नकाशात एक मजला आणि जागेवर दोन, नकाशात मोकळी जागा आणि तिथे खोली, असे निघाले तर थांबा. 'नंतर नियमितीकरण करून घेऊ' असे सहज सांगितले जाते. छत्तीसगडमध्ये अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा २००२ पासून आहे, पण सगळेच त्यात बसते असे नाही. आणि दंड घर घेणाऱ्याच्या माथी येतो.

मुंबईच्या वरळीतले कॅम्पा कोला प्रकरण आठवत असेल. १९८१ ते १९८९ या काळात उभ्या राहिलेल्या त्या इमारतींना पाच मजल्यांची परवानगी होती, आणि त्यातली एक वीस मजल्यांपर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१३ रोजी अनधिकृत मजल्यांना संरक्षण नाकारले, आणि जून २०१४ मध्ये त्या घरांची वीज, पाणी आणि गॅस तोडले गेले. पैसे मोजून, संसार थाटून वीस-पंचवीस वर्षे राहिलेली माणसे होती ती.

इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांनी फक्त आपला फ्लॅट बघून भागत नाही. खालचा मजला आणि पार्किंगचे खांबही बघा. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावरच्या फेरबदलाच्या कामात आधारालाच धक्का लावल्याचा आरोप त्यात झाला. वरच्या मजल्यावरच्यांचा त्यात काय दोष? २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची पाच मजली तारिक गार्डन कोसळली, १६ जण मृत्युमुखी पडले. ती काही जुनी पडकी चाळ नव्हती, अलीकडची इमारत होती. आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसो या नव्या संकुलात एका टॉवरचा भाग कोसळून दोघींचा जीव गेला. दिल्लीच्या आय.आय.टी.ने तपासणी केली, तेव्हा काँक्रीटमध्ये क्लोराइड म्हणजे खारटपणा आढळला, ज्याने सळया गंजतात. नवे म्हणजे भक्कम, हा समज सोडला पाहिजे. ही उदाहरणे मी घाबरवायला देत नाही. अशा घटना विरळाच. पण ओल, भेगा आणि चुकीचे नकाशे विरळा नाहीत.

नवे घर आणि पाच वर्षे

नवीन घर घेणाऱ्यांसाठी २०१६ चा रेरा कायदा मोठा आधार आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. म्हणून ताबा घेताना दोषांची यादी करा, फोटो काढा, आणि पहिले दोन-तीन पावसाळे डोळ्यांत तेल घालून बघा. जे दिसेल ते तोंडी नाही, लेखी कळवा आणि पोच ठेवा.

पण एक खाच आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठांपेक्षा जास्त घरे नाहीत, त्याला रेरात नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे गल्लीबोळांत चार-सहा डुप्लेक्स बांधून विकतात, ते बरेचसे याच मापात बसतात. तिथे ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. घरबांधणी ही सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच सांगितले आहे. पण आयोगात जाण्यापेक्षा आधी एक रविवार घालवणे स्वस्त.

लाल, पिवळा, हिरवा

शेवटी, तपासणी कशी करवून घ्यावी ते सांगतो.

पहिली फेरी तुमची, घरच्यांसह, दिवसा उजेडी. दुसरी फेरी इंजिनीयरबरोबर. तो विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा. फी आधी ठरवा आणि ती द्याच. ओळखीच्या माणसाकडून फुकट 'नजर टाकून' घेतली की तोही भिडेपोटी बरेच बोलत नाही. जमल्यास तिसरी फेरी पाऊस पडून गेल्यावर. आपल्याकडे घराची खरेदी दसरा-दिवाळीला करतात, म्हणजे त्याआधी श्रावण-भाद्रपदात घर बघून ठेवता येते. विकणारा उन्हाळ्यात घर दाखवणे पसंत करतो, घेणाऱ्याने पावसाळा पसंत करावा.

हे सगळे इसार देण्यापूर्वी. काही कारणाने इसार आधी द्यावाच लागला, तर रक्कम लहान ठेवा आणि कागदावर एक ओळ लिहून घ्या की तपासणीत मोठा दोष निघाल्यास इसार परत मिळेल. अशी ओळ लिहायला जो कचरतो, त्याने उत्तर दिलेच म्हणायचे.

अहवाल लेखी मागा आणि त्यात दोषांचे तीन भाग करा. आम्ही रेल्वेवाले सिग्नलच्या भाषेत बोलतो. लाल: हलता पाया, गंजलेले खांब, नकाशाबाहेरचे बांधकाम. इथे गाडी थांबवायची. पिवळा: गच्चीची गळती, न्हाणीघराची ओल, जुनी वायरिंग. रुळात किरकोळ दोष असला तर आम्ही लाइन बंद करत नाही, कॉशन ऑर्डर काढून गाडी हळू नेतो. तसेच इथे दुरुस्तीचा अंदाज काढायचा, तो किमतीतून वजा करून घ्यायचा आणि पुढे जायचे. हिरवा: रंग, किरकोळ भेगा, करकरणारे दार. यावर भांडू नये. सगळ्यांवर सारखेच भांडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

तपासणीतून सगळे कळते, असेही मी म्हणणार नाही. गाडलेला पाया उकरून बघता येत नाही आणि काँक्रीटमधल्या सळया मोजण्याला मर्यादा आहेत. चांगला इंजिनीयर 'हे मला दिसले, हे दिसले नाही' असे दोन्ही लिहून देतो. जो 'सब ठीक है' एवढेच म्हणतो, त्याची फी वाया गेली असे समजा.

आपण इथे बाहेरून आलेली माणसे. कोणी भोसल्यांच्या काळापासून, कोणी रेल्वेबरोबर, कोणी भिलाईच्या कारखान्याबरोबर, कोणी परवाच बदलून. क्वार्टरमध्ये, भाड्याच्या खोल्यांत वर्षे काढल्यावर या मातीत स्वतःचे दार उभे राहते, ते बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच. त्यासाठी बायको दागिने बाजूला ठेवते, मुले हट्ट सोडतात. तेव्हा घाई करणाऱ्या कोणालाही एवढेच सांगा, 'आमचा माणूस बघून जाईल, मग बोलू.' ज्याचे घर चांगले आहे, त्याला या वाक्याचा राग येत नाही.

मंडळात आम्ही तीन-चार जण सिव्हिलवाले आहोत. पहिले घर घेणाऱ्या कोणाही सभासदाबरोबर कागद वाचायला आणि तपासणीची यादी करून द्यायला आम्ही बसू. कार्यालयात सांगून ठेवा.